पवनारच्या हाकेमागील हेतू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी वर्धा येथे केलेले भाषण)



 आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर मास्तरकीचा अभ्यासक्रम पुरा केला आणि सारे आयुष्य खडू व फळा यांच्या संगतीत गेले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून कोणी करू नये. जे वर्गात शिकविले, जे घरात ऐकले आणि जे पुढे स्वतः वाचले, त्यातीलच चार गोष्टी आपणापुढे ठेवणार आहोत.

भाषणाचा विषय आम्ही निवडला असे म्हणण्यापेक्षा तो आमच्या गळ्यात पडला असे म्हणणे अधिक खरे होईल. स्मरणिकेच्या संपादकांनी दोन महिन्यांपूर्वी एक छापील पत्रक घरोघर धाडले. यंदाच्या अंकात ‘ज्ञातीतील देशभक्त’ या मथळ्याखाली नावांची यादी द्यावयाची आहे, तरी आपल्या घराण्यातील ज्या कोणी स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतला असेल त्यांचे नाव, गाव व सन कळवावे, असा त्यात मजकूर होता. आमच्या पत्रकाच्या पाठीमागे संपादकांनी पेन्सिलीने लिहिले होते की, तुमच्या आजोबांचे नाव आम्ही धरलेच आहे. सन १९४०, देवळी.

आमचे आजोबा १९४० साली देवळीस विनोबांच्या सभेला गेले होते, ही गोष्ट खरी आहे. ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींना ती ठाऊक आहे आणि संपादकांनी ती आपुलकीने ध्यानात ठेवली, हा त्यांचा चांगुलपणा होय. परंतु ते नाव यादीत नसावे, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगावयाचे तर देवळीच्या सभेत कोणती हाक दिली गेली आणि तिच्यामागे हेतू काय होता, हे आधी सांगितले पाहिजे.

१९३९ च्या सप्टेंबर महिन्याच्या तिसऱ्या तारखेस इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात उतरला आहे असे जाहीर केले. या देशातील एकाही लोकप्रतिनिधीस त्यांनी विचारले नाही. त्या वेळी निरनिराळ्या प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे होती. त्यांनी राजीनामे दिले. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळानेही दिला. पुढील वर्षी जूनमध्ये फ्रान्स पडला. लंडनवर बॉम्ब पडू लागले. काँग्रेसमधील पुष्कळांना वाटत होते की, स्वातंत्र्याची हमी आणि राष्ट्रीय सरकार मिळत असेल तर युद्धात साह्य करावे, आणि जुलै १९४० मध्ये पुणे येथे तसा ठरावही झाला. गांधीजींना तो मान्य नव्हता. सरकारलाही तो नको होता. ऑगस्टमध्ये व्हाइसरॉयसाहेबांनी जे देऊ केले त्यात युद्धानंतरच्या आश्वासनांपलीकडे फारसे काही नव्हते. सप्टेंबरच्या मध्यास मुंबईच्या बैठकीत काँग्रेसने पुन्हा सूत्रे गांधीजींच्या हाती दिली.

इथवरचा इतिहास क्रमिक पुस्तकांत असतो. पुढे सिमल्यास जे बोलणे झाले ते मात्र पुस्तकांत एखाद्या ओळीत उरकलेले असते, आणि आमच्या मते सगळे मर्म तेथेच आहे.

सप्टेंबर संपता संपता गांधीजी सिमल्यास व्हाइसरॉयना भेटले. त्या भेटीत त्यांनी स्वराज्य मागितले नाही. मागणी एवढीच होती की, या युद्धात माणूस अगर पैसा देऊ नका असे लोकांना उघडपणे सांगण्याची मोकळीक असावी. व्हाइसरॉयनी इंग्लंडातील उदाहरण दिले. तेथे ज्याची सदसद्विवेकबुद्धी युद्धाला कबूल नाही, त्यास लढण्यापासून सूट मिळत असे आणि आपली श्रद्धा बोलून दाखविण्याचीही मुभा असे. परंतु सैनिकांना किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांना त्याने तुम्हीही हात आखडा असे सांगत फिरावे, हे तेथेही चालत नसे. मग येथे कसे चालावे? थोडक्यात, स्वतःचे हात स्वच्छ ठेवावयाचे तर ठेवा, शेजाऱ्यास काही सांगू नका. गांधीजींनी हे मान्य केले नाही आणि ते सेवाग्रामास परत आले.

आम्ही वर्गात हा भाग शिकवीत असू तेव्हा मुलांचा चेहरा उतरलेला दिसे. एवढ्या मोठ्या साम्राज्याविरुद्ध उठावयाचे आणि मागावयाचे काय, तर बोलण्याची परवानगी! एका मुलाने विचारलेही होते, “गुरुजी, आधीच तर ते बोलतच होते ना?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्हांला घरीच मिळालेले होते. पण ते वर्गात सांगण्याचे धैर्य आम्हांस नोकरीत असेपर्यंत झाले नाही. आज सांगतो.

१९४० साली आमचे आजोबा देवळीपासून दोन-अडीच कोसांवरील एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर होते. पगार बेताचा, घरात खाणारी सात तोंडे. युद्ध सुरू झाल्यावर गावोगाव युद्धनिधी गोळा होऊ लागला. आमच्याकडे लोक त्याला ‘लढाईचा चंदा’ म्हणत. वसुलीच्या फेरीत पटवारी, कोतवाल यांच्यासोबत मास्तरांनीही जावे, कारण पावती लिहिण्यास अक्षर चांगले लागते, असा हुकूम वरून आला. कोणी दोन आणे देई, कोणी चार. कपाशी अजून घरात यावयाची होती. ज्याच्याजवळ पैसा नसे तो पायली-दोन पायली ज्वारी पुढे ठेवी आणि तिची किंमत करून पावती फाडली जाई. पावतीवर दात्याचे नाव, रक्कम व तारीख यांसाठी जागा होती आणि त्याखाली एक ओळ छापलेली होती. ही रक्कम आपण स्वखुशीने देत आहोत, अशा आशयाची ती ओळ होती.

स्वखुशीने! पटवारी दारात उभा आहे, ज्याच्या दप्तरात शेताची नोंद आहे. कोतवाल शेजारी उभा आहे. मास्तर लिहीत आहेत, ज्यांच्या शाळेत पोरगा शिकतो आहे. अशा वेळी कोणता कुणबी, कोणता कोष्टी, कोणता तेली ‘आमची खुशी नाही’ असे म्हणेल? आणि समजा, म्हणावेसे वाटले तरी असे म्हणता येते हे त्यास कोणी सांगावे? सांगणाऱ्यास भारत संरक्षण नियमांखाली तुरुंग होता.

ज्ञातिबंधूंनो, जेथे ‘देऊ नका’ असे सांगणारा मनुष्य तुरुंगात जातो, तेथे दिलेल्या पैशास स्वखुशीचा पैसा म्हणता येत नाही. नकार देता येत असेल तरच होकाराला किंमत. सिमल्यास गांधीजी याच एका शब्दासाठी अडून बसले होते. हिंदुस्थान आपखुशीने युद्धात साह्य करीत आहे, असे सरकार साऱ्या जगास सांगत होते. ते खरे की खोटे, एवढेच या हाकेने उघड करावयाचे होते. सरकार पाडावयाचे नव्हते, लष्कर बिथरवावयाचे नव्हते. म्हणूनच मागणी लहान दिसते, आणि लहान असूनही सरकारास ती पेलली नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येथे वर्ध्यास काँग्रेसच्या कार्यकारी समितीची बैठक झाली आणि गांधीजींनी आपली योजना पुढे मांडली. लोकांना मोठ्या सामुदायिक लढ्याची आशा होती. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात, तसेच आपल्या बाजूस जंगलाच्या सत्याग्रहात, हजारो माणसे उतरलेली सर्वांनी पाहिली होती. गांधीजींनी मात्र प्रारंभी एकच नाव सांगितले : विनोबा भावे, पवनार.

त्या वेळी देशातील बहुसंख्य लोकांना हे नाव ठाऊक नव्हते. आपणां वर्धेकरांस मात्र ते परके नव्हते. १९२१ साली जमनालालजी बजाज यांच्या आग्रहावरून येथे आश्रम सुरू झाला तेव्हापासून विनोबा याच भूमीत होते. १९२३ साली येथूनच त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक काढले, ‘गीताई’ येथेच रचली, आणि १९३८ साली प्रकृती खालावल्यावर ते धाम नदीच्या काठी पवनारास राहावयास गेले. गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांचा परिचय लिहिला. तो लेख प्रत्येक शिक्षकाने मिळवून वाचावा. साम्राज्याविरुद्ध पहिला सैनिक पाठवावयाचा आणि त्याच्या गुणांचे वर्णन काय, तर हा संस्कृतचा पंडित आहे, याने आश्रमातील स्वयंपाकापासून भंगीकामापर्यंत सर्व कामे केली आहेत, टकळीवरील सूतकताईत याचा हात कोणी धरणार नाही, याने कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकून घेतली, आणि राजकारणाच्या व्यासपीठावर हा कधी चमकला नाही! शौर्याचा, वक्तृत्वाचा वा लोकप्रियतेचा उल्लेख शोधून सापडावयाचा नाही.

यातही हेतू होता. ज्याने स्वतःहून पाळावयाचे नियम पाळले नाहीत त्याला सरकारचा नियम मोडण्याचा अधिकार नाही, अशी गांधीजींची धारणा होती. पुढे जे सत्याग्रही निवडले गेले त्यांची नावे त्यांच्याकडून मंजूर करून घ्यावी लागत. सूत कातावे, खादी वापरावी, अस्पृश्यता पाळू नये, आणि कोठे व केव्हा बोलणार ते जिल्हाधिकाऱ्यास आगाऊ लेखी कळवावे, अशा अटी होत्या. (आजकाल चक्काजाम करण्यापूर्वी वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना आगाऊ कळविले जाते. तीही एक सूचनाच. फक्त पत्ता बदलला आहे.)

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारास बोलले. त्यानंतर आसपासच्या गावी सभा घेत ते देवळीस आले आणि २१ तारखेस देवळी येथे त्यांना अटक झाली. तीन महिन्यांची साधी कैद झाली. सुटल्यावर ते पुन्हा बोलले, पुन्हा तुरुंगात गेले. असे तीनदा झाले. त्याच काळात नागपूरच्या तुरुंगात ‘स्वराज्यशास्त्र’ हा त्यांचा छोटा ग्रंथ सिद्ध झाला.

दुसरे सत्याग्रही पंडित जवाहरलाल नेहरू ठरले होते. ते बोलण्यापूर्वीच ३१ ऑक्टोबरला त्यांना पकडण्यात आले आणि जुन्या भाषणांवरून चार वर्षांची सजा ठोठावण्यात आली. पहिल्यास तीन महिने आणि दुसऱ्यास चार वर्षे, यावरून सरकारास भय कोणाचे वाटत होते ते दिसते. आमच्या मते त्याचे माप चुकले होते. पण तो निराळा विषय होईल. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या दोघांच्या विरोधाची कारणे एक नव्हती. विनोबांना युद्धच अमान्य होते, मग ते कोणाचेही असो. पंडितजी हिटलरशाहीचे कट्टर वैरी. स्वतंत्र हिंदुस्थान लढला असता तर त्यांनी त्यास आडकाठी केली नसती. त्यांना अमान्य होते ते गुलाम म्हणून लढणे. इतक्या दोन निराळ्या मतांच्या माणसांना एकाच वाक्यासाठी तुरुंगात जाता आले, याचे कारण लढा बोलण्याच्या हक्काचा होता.

याच्या उलट मताची थोर माणसेही त्या काळी होती, हे सांगितले नाही तर आम्ही अर्धाच धडा शिकविला असे होईल. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर युद्धात साह्य करावे या मताचे होते, कारण नाझी विजयी झाले तर माणसामाणसांतील समतेची भाषाच जगातून उठेल हा धोका त्यांना दिसत होता. सावरकर तरुणांना सैन्यात शिरा म्हणून सांगत. मानवेंद्रनाथ रॉय यांचाही युद्धास पाठिंबा होता. यांतील कोणासही देशद्रोही म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. ही मंडळी उघडपणे बोलू शकत होती, सभा भरवू शकत होती, आणि ते योग्यच होते. वैगुण्य एवढेच की, एका बाजूस सभेचे मैदान मोकळे होते आणि दुसऱ्या बाजूस तुरुंगाचे दार.

आता संयमाविषयी एक गोष्ट. त्या वर्षी नाताळच्या दिवसांत गांधीजींनी सत्याग्रह थांबविला. सत्ताधारी ख्रिस्ती आहेत, त्यांच्या सणात त्यांच्या अधिकाऱ्यांना धावपळ करावयास लावू नये, हा विचार. आणि त्याच दिवसांत, २४ डिसेंबर १९४० रोजी, याच वर्ध्याहून त्यांनी हिटलरला एक पत्र लिहिले. आम्ही ब्रिटिशांच्या साम्राज्यशाहीचा प्रतिकार करतो तसा तुमच्या नाझीवादाचाही करतो, आणि ब्रिटिश राज्य जावे म्हणून जर्मनीची मदत आम्हांस नको, असे त्यात स्पष्ट होते. सरकारने ते पत्र जाऊ दिले नाही! ज्या पत्राचा खर्च स्वतः करून सरकारने ते साऱ्या जगात वाटावयास हवे होते, तेच अडविले. बोलण्यावर बंदी घालणाऱ्यास आपल्या हिताचे बोलणेही ऐकू येईनासे होते.

‘हरिजन’चे तेच झाले. विनोबांच्या सत्याग्रहाचा वृत्तान्त दिल्लीच्या सरकारी सल्लागारास दाखविल्याशिवाय छापू नये, अशी नोटीस ऑक्टोबरमध्येच आली. गांधीजींनी काटछाट पत्करली नाही. इंग्रजी, गुजराती व हिंदी तिन्ही साप्ताहिके बंद केली आणि प्रत्येकाने आता चालतेबोलते वर्तमानपत्र व्हावे, अशा अर्थाचे आवाहन केले. ‘हरिजन’ पुन्हा निघाले ते जानेवारी १९४२ मध्ये. ज्या माणसाची सारी शक्ती लेखणीत होती त्याने लेखणी खाली ठेवली, पण ती दुसऱ्याच्या हाती दिली नाही.

वर्षभरात वीस हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगात गेले. डिसेंबर १९४१ मध्ये बहुतेकांना सोडण्यात आले. युद्ध थांबले नाही, भरती थांबली नाही, चंदाही थांबला नाही. त्या अर्थाने हा सत्याग्रह फसला असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये, नागपंचमीच्या दिवशी, आपल्याच जिल्ह्यातील आष्टीस पोलीस ठाण्यापुढे गोळीबार झाला आणि दोन्ही बाजूंची माणसे प्राणास मुकली. आष्टीच्या हुतात्म्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु पवनारची हाक आणि आष्टीचा उद्रेक यांत दोन वर्षांपेक्षा फार मोठे अंतर आहे. शांतपणे बोलणाऱ्या सगळ्यांना आत टाकल्यावर बाहेर कोण उरते, याचा विचार त्या सरकारने केला नाही.

आता पुन्हा आजोबांकडे वळतो. देवळीच्या सभेचा वृत्तान्त त्यांनी आम्हांस अनेकदा सांगितला. पण विनोबांचे शब्द त्यांना आठवत नसत. आठवे ते एवढेच की, आवाज मोठा नव्हता, वक्ता हातवारे करीत नव्हता, आणि शाळेत समजावून द्यावे तसे तो समजावून देत होता. सभा उठल्यावर आजोबा अंधारात चालत घरी आले. लहानपणी ही गोष्ट येथेच संपत असे. पुढचा भाग आम्हांला कळला तो १९७५ साली.

ते आणीबाणीचे वर्ष. आम्ही हायस्कुलात शिकत होतो. अक्षर बरे होते म्हणून शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोजचे सुवचन लिहिण्याचे काम आमच्याकडे असे. विनोबांनी त्या वेळी वर्षभराचे मौन घेतले होते. मौनात असताना त्यांनी लिहून दाखविलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने उचलले आणि जिकडेतिकडे रंगविले. आमच्याही फळ्यावर ते आठवडाभर रंगीत खडूने झळकत होते. नातवाचे अक्षर पाहावे म्हणून आजोबा शाळेच्या फाटकापाशी थांबले. रात्री जेवताना त्यांनी विचारले, “थे लिवायले कोनं सांगतलं?”

“हेडमास्तरांनी.”

“त्याइले कोनं सांगतलं?”

“वरून आलं म्हणे.”

आजोबा काही वेळ ताटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मलेबी वरूनच सांगतलं होतं.” आणि उठून त्यांनी पेटीतून ते पावतीपुस्तक काढले.

देवळीची सभा ऐकून आल्यावर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वसुलीस गेले होते. त्यानंतरही गेले. नोकरी सोडण्याचे त्यांच्या मनात आले नाही असे नाही. पण सात तोंडे होती. बोलावे असेही वाटले, पण बोलले नाहीत. त्यांनी केले ते एवढेच : देवळीनंतर लिहिलेल्या पावत्यांवरील ‘स्वखुशीने’ हा शब्द दौतीतील शाईने खोडून टाकला. कोणी विचारले तर छपाईची चूक आहे असे सांगावयाचे त्यांनी ठरविले होते. कोणी विचारले नाही. पटवाऱ्याने पाहिले नाही आणि देणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. म्हणजे तो शब्द खोडलेला आहे हे एका आजोबांनाच ठाऊक होते.

ज्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी तुरुंगात जाऊन तो शब्द खोडण्याचे धडे दिले, त्याच विनोबांचे शब्द आम्ही आपल्या हाताने सरकारच्या वतीने फळ्यावर लिहीत होतो, हे त्या वयात पुरते उमगले नाही. विनोबांचा आणीबाणीतील पवित्रा चुकला, असे आमचे आजही मत आहे, आणि ते सांगताना आमचा त्यांच्याविषयीचा आदर उणा होत नाही. १९७६ च्या जानेवारीत पवनारास आचार्यांचे संमेलन भरले तेव्हा त्यांनी खुलासा केला की, शासन सत्तेचे असते आणि अनुशासन आचार्यांचे. पण तोवर फलक रंगवून झाले होते. त्याआधीच्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्याच्या बाजूने निर्भयपणे बोलून गेल्या होत्या; पुढे त्यांना तुरुंगवास घडला. १९४० ची पवनारची हाक १९७५ साली कऱ्हाडला ऐकू आली, असे आम्ही म्हणू.

आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरे तर, की जून १९७६ मध्ये पोलीस पवनारच्या आश्रमात शिरले आणि ‘मैत्री’ मासिकाचे अंक जप्त करून घेऊन गेले. गोवधबंदीसाठी उपवास करण्याचा विनोबांचा संकल्प त्यात छापला होता, एवढाच अपराध. ज्यांचे दोन शब्द सोयीचे होते म्हणून भिंतीवर चढले, त्यांचेच पुढचे शब्द गैरसोयीचे होताच उचलले गेले. इंग्रजांनी ‘हरिजन’ला निदान आगाऊ नोटीस तरी पाठविली होती.

आम्ही पुढे मास्तर झालो. छत्तीस वर्षे नोकरी केली. या काळात आमच्याकडूनही वरून आलेल्या पुष्कळ कागदांवर सह्या झाल्या. न झालेल्या सभांचे वृत्तान्त लिहिले गेले. पटावरील उपस्थिती, आहाराच्या नोंदी, देणग्यांपुढील ‘स्वेच्छेने’ हा शब्द, सारे लिहिले गेले. शब्द खोडण्याइतकीही शाई आम्ही कधी खर्च केली नाही. हे सांगण्यात कोणावर ठपका ठेवावयाचा नाही. हात आमचाच होता.

तर संपादकांस आमचे सांगणे असे होते. आपल्या ज्ञातीतून जे कोणी खरोखर तुरुंगात गेले, त्यांची नावे मोठ्या अक्षरांत छापावीत. आमचे आजोबा सभेला गेले होते, तुरुंगात नाही. सरकारचे काम त्यांनी पुरे केले. ज्या हाकेचा सारा हेतू एक खोटा शब्द कागदावरून काढण्याचा होता, तिच्या नावाखाली त्यांच्याविषयी दुसरा खोटा शब्द छापला जावा, हे त्यांना आवडले नसते. १९८० नंतर स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनीसाठी अर्ज करा, देवळीच्या सभेचे दोन साक्षीदार मिळवून देतो, असे एक गृहस्थ घरी येऊन सांगत होते. आजोबांनी त्यांना चहा पाजून वाटेस लावले, हे आम्ही स्वतः पाहिलेले आहे.

ते पावतीपुस्तक आज येथे आणले आहे. त्यात बेचाळीस स्थळप्रती आहेत. पैकी सतरांवरील शब्द खोडलेला आहे. शाई आता तपकिरी पडली आहे. नावांपैकी काही आडनावे या सभेत बसलेल्या मंडळींची आहेत. आपल्या पणजोबांनी दोन आणे दिले की चार, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी फराळाच्या वेळी आमच्याकडे यावे. पाने जीर्ण झाल्यामुळे ती आम्हीच उलटून दाखवू.

यादीतून नाव काढल्याचे संपादकांनी कालच कळविले. आमच्या धाकट्या बंधूंची मात्र अद्याप समजूत पडलेली नाही. ते समोरच बसलेले आहेत.